गाडी त्याची, गाणं तिचं

'फास्ट कार' हे निघून जाण्याचं गाणं आहे, असं सगळेच म्हणतात. वरवर ते खरंही आहे. गाण्याच्या तोंडालाच एक सुसाट पळणारी गाडी आहे, आणि कुठलंही तिकीट चालेल पण इथून बाहेर काढ म्हणणारी एक मुलगी. पण गाणं नीट ऐकलं की लक्षात येतं, ही मुलगी जेमतेम हलते. एक घर सोडते, शहरात येते आणि तिथे तेच घर पुन्हा तिच्याभोवती उभं राहतं. शेवटच्या कडव्यात गाडी निघायची वेळ येते तेव्हा ती गाडीत बसत नाही. घे तुझी गाडी आणि चालता हो, असं त्याला सांगून ती मागेच राहते.

ट्रेसी चॅपमन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका-गीतकाराने हे गाणं १९८८ साली आणलं. २०२३ साली ल्यूक कोम्ब्स या नॉर्थ कॅरोलायनातल्या धिप्पाड, दाढीवाल्या कंट्री (म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या) गायकाने ते जवळजवळ जसंच्या तसं गायलं, आणि ते पुन्हा घराघरांत, म्हणजे खरं तर पिकअप ट्रकाट्रकांत, वाजायला लागलं. त्यावर भरपूर लिहून आलं आहे. वंशावर, रेडिओवर, पैशांवर. बरंचसं पटण्यासारखं आहे. पण त्या सगळ्या गदारोळात गाण्यातल्या एका बाईकडे कुणी फारसं बघितलेलं मला दिसलं नाही. ती म्हणजे त्या मुलीची आई.

आई एका कडव्यात येते आणि दीड-दोन ओळींत निघून जाते. बाप बाटलीच्या आहारी गेलेला. अंग कामाच्या लायकीचं उरलेलं नाही, आणि वय पाहिलं तर अजून असं दिसण्याचं नाही. आईला आयुष्याकडून याहून जास्त हवं होतं, ते हा देऊ शकत नव्हता, म्हणून ती गेली. चॅपमन हे सांगताना आईला एका शब्दाने दोष देत नाही. पण लगेच पुढची ओळ येते: बापाचं करायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी शाळा सोडली. झालं. आई गेली त्याची किंमत मुलीने भरली, एवढा हिशोब एका श्वासात मांडून गाणं पुढे सरकतं.

म्हणजे या गाण्यात सगळ्यांत आधी निघून जाते ती आई. मुलगी नंतर जाते. तिने दुकानात काम करून थोडे पैसे साठवलेत, त्याच्याकडे गाडी आहे, सीमा ओलांडून शहरात जायचं, दोघांनी नोकऱ्या धरायच्या आणि जगणं म्हणजे काय ते एकदाचं बघायचं, असा तिचा बेत. शहरात ती सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसते. तो काहीच करत नाही. राहायला निवारागृह. एक दिवस आपण उपनगरात मोठं घर घेऊ, असं ती म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला पुढचं दिसायला लागलेलं असतं. मग पोरं होतात. नोकरी जरा बरी मिळते, घरखर्च सगळा तिच्या पगारावर. तो रात्री उशिरापर्यंत बारमध्ये, पोरांपेक्षा दोस्तांच्या वाट्याला जास्त. बापाची जागा आता नवऱ्याने घेतलेली आहे.

इथे तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक आईची, म्हणजे पोरं टाकून स्वतः निघायचं. ही वाट तिला पाठ आहे, त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला ती स्वतः उभी राहिलेली आहे. म्हणून ती उलटं करते, त्यालाच जायला सांगते. आधीच्या कडव्यात 'आपल्या दोघांना उडून जाता येईल एवढी ही गाडी वेगवान आहे का' असं विचारणारी मुलगी शेवटी तोच प्रश्न त्याच्या एकट्यापुरता विचारते. निघायचं तर आज रात्रीच नीघ, नाहीतर इथेच असाच मर. ओळी जवळजवळ त्याच, फक्त त्यांतून तिने स्वतःला वजा केलेलं आहे. अमेरिकन गाण्यांत बॅग भरून निघणारे पुरुष रगडून सापडतात. बॅग दुसऱ्याच्या हातात देणारी बाई फार नाही सापडत.

आमच्या सांगलीच्या वाड्यात अशा एक काकू होत्या. ग्राहक भांडारात काउंटरवर बसायच्या. नवऱ्याची राजदूत मोटरसायकल होती, आणि लग्नाच्या नव्या नवलाईत तो त्यांना मागे बसवून नरसोबाच्या वाडीला न्यायचा, हे त्या पुष्कळदा सांगायच्या. पुढे त्याची नोकरी गेली, संध्याकाळी ठराविक ठिकाणी बसणं सुरू झालं. काकूंनी त्याला हाकललं नाही. त्याच्या पेट्रोलचे पैसे देणं तेवढं बंद केलं. राजदूत जिन्याखाली पडून राहिली आणि तिच्या सीटवर काकू पापड वाळत घालायला लागल्या. मी तेव्हा शाळेत होते. हे गाणं पहिल्यांदा अर्थासकट कळलं तेव्हा मला क्लीव्हलँड वगैरे काही दिसलं नाही. पापड दिसले.

क्लीव्हलँड नंतर कळलं. चॅपमन तिथली, जन्म १९६४चा. ओहायो राज्यातलं, ईरी सरोवराच्या काठचं हे पोलादाचं शहर. १९५० साली वस्ती ९ लाखांच्या वर होती, १९८०च्या शिरगणतीत ती पावणेसहा लाखांच्या आत आली. डिसेंबर १९७८मध्ये तर महापालिकेला बँकांची देणी फेडता आली नाहीत. १९३०च्या महामंदीनंतर अशी वेळ आलेलं ते अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. चॅपमन तेव्हा चौदा वर्षांची होती. आई-वडील ती चार वर्षांची असतानाच वेगळे झालेले, आईने मुलींना एकटीने वाढवलेलं. 'फास्ट कार' ही आपली स्वतःची कहाणी नाही, असं चॅपमनने सांगितलेलं आहे, आणि ते मानायला हवं. पण ज्या शहरातून तीन दशकांत तीन-साडेतीन लाख माणसं उठून जातात, तिथल्या मुलीला निघून जाणं म्हणजे काय आणि मागे राहणं म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नसणार.

ती स्वतः मात्र शिष्यवृत्तीच्या अर्जावर बाहेर पडली. हुशार पण परिस्थिती नसलेल्या मुलांना चांगल्या शाळांत पाठवणारी एक योजना होती, तिच्यातून ती कनेक्टिकटच्या शाळेत गेली, तिथून बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात. विषय मानववंशशास्त्र. फावल्या वेळात हार्वर्ड स्क्वेअरमध्ये रस्त्यावर उभं राहून गाणं. एका सहाध्यायाने तिला ऐकलं, त्याचे वडील संगीताच्या धंद्यातले. त्यातून पुढे करार आणि एप्रिल १९८८मध्ये पहिला अल्बम.

त्यानंतरची वेम्ब्लीची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ११ जून १९८८. नेल्सन मंडेला तुरुंगात, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर दिवसभराचा जलसा, कितीतरी देशांत थेट प्रक्षेपण. चॅपमन दुपारी आपली गाणी म्हणून मोकळी झाली होती. संध्याकाळी गायक स्टीव्ही वंडर स्टेजवर चढायच्या बेतात असताना कळलं, त्याच्या सिंथेसायझरची हार्ड डिस्क जागेवर नाही. सगळं संगीत तिच्यात. तो तसाच माघारी वळला. आता एवढ्या गर्दीपुढे लगेच उभं कुणाला करायचं? बँडवाल्यांना तारा जोडायलाच वेळ लागतो. चॅपमनला ना बँड लागत होता ना सरंजाम. एक गिटार, एक माइक. तिला पुन्हा वर पाठवलं आणि तिने 'फास्ट कार' म्हटलं. ते चित्रीकरण आजही बघायला मिळतं. सुरुवातीला स्टेडियमचा कलकलाट चालू आहे, कुणाचं लक्ष नाही. ती तो थांबायची वाट बघत नाही. गाणं अर्ध्यावर येईपर्यंत तिला वाट बघण्याची गरजही उरत नाही. उन्हाळा संपेस्तोवर गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर होतं.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ती दिल्लीत गाऊन गेली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलची मानवी हक्कांसाठीची जगभरची फेरी होती, ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गेब्रिएल, युसू न्डूर यांच्याबरोबर ती, आणि ठिकाण जवाहरलाल नेहरू स्टेडियम. आम्हाला सांगलीत याचा पत्ताही नव्हता.

मला हे गाणं मिळालं ते पुण्याच्या होस्टेलवर, नव्वदीच्या सुरुवातीला. रूममेट मडगावची. तिच्याकडे भावाने भरून दिलेली कॅसेट होती आणि एक गिटार. गिटार होती, कॅपो नव्हता. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, त्याने सगळ्या तारांचा स्वर एकदम वर चढतो. 'फास्ट कार'ची ती सुरुवातीची धून दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या पट्टीपाशी, कॅपो लावून वाजते. हिने काय करावं, तर नटराजची लाल-काळी पेन्सिल तारांवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांना रबरबँड गुंडाळून करकचून आवळली. पाचेक तारा नीट दाबल्या जायच्या, एक झणझणायची. 'ऐक गो,' म्हणून ती सुरू करायची आणि ती झणझण धरूनच ती धून माझ्या कानात बसली. मूळ रेकॉर्डिंग पुढे चांगल्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं.

त्या धुनेत एक गंमत आहे. चार कॉर्डचं, म्हणजे एकत्र छेडायच्या स्वरांच्या चार जुळण्यांचं, चक्र अखंड फिरत राहतं. सा ज्याच्या पायाशी आहे तो कॉर्ड त्यात आहे, पण तो दुसऱ्या जागी येतो आणि निघून जातो. चक्र सुरू मध्यमावर होतं, संपतं पंचमावर, आणि पंचमावरून घरी जावं तर पुन्हा मध्यम. कान घराकडे डोळे लावून बसतो, आणि गाडी घरावरून पुढे जाते. ध्रुवपदही किती उशिरा येतं! चार कडवी सांगून झाल्यावर. तोवर ढोलही दबूनच आहे. आणि जेव्हा येतं तेव्हा ते भविष्याबद्दल बोलत नाही. त्याच्या गाडीतून एकदा भरधाव गेलो होतो, शहराचे दिवे समोर पसरले होते, खांद्यावर हात होता, मी कुणाच्यातरी मालकीची, कुणीतरी होऊ शकेन असं तेव्हा वाटलं होतं. सगळं 'होतं'. गाण्यातला एकमेव आनंदाचा क्षण गाणं सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेला आहे. ढोल तेव्हा मोकळा होतो.

आता कोम्ब्स. जन्म १९९०चा, म्हणजे गाणं त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं. लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये ही कॅसेट लागायची, हे त्याने बऱ्याच मुलाखतींत सांगितलं आहे. बाप गाडी चालवतोय, शेजारच्या सीटवर चार-पाच वर्षांचं पोर, आणि टेपवर ट्रेसी चॅपमन. मला ही माहिती त्याच्या आवाजाइतकीच महत्त्वाची वाटते. कारण त्याच्या गाण्यात गाडी ही सुरक्षित जागा आहे. तिथे बाप आहे आणि बाप कुठे जात नाहीये. चॅपमनच्या गाण्यात जे पोर बापाची वाट बघत घरी बसलंय, ते हे पोर नव्हे.

म्हणून त्याचं गाणं ऐकताना मला नेहमी वाटतं, हा पोचणार. आवाजात बळ आहे, छाती आहे, ध्रुवपदाला तो मोकळा गळा लावतो आणि स्टेडियम त्याच्याबरोबर गातं. हजारो माणसं, हातात बिअरचे ग्लास, तोंडावर हसू. या गाण्यात दोन संसार बाटलीपायी बसलेत, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नसतं. त्यातून याच कोम्ब्सचं २०१९चं एक गाजलेलं गाणं म्हणजे 'बिअर नेव्हर ब्रोक माय हार्ट'. असो. चॅपमन गाते तेव्हा पहिल्या कडव्यातच तिला शेवट माहीत आहे. ती आशा सांगते आहे, पण ती कधीकाळची आशा आहे. कोम्ब्सच्या आवाजात ती आजची आहे. मला तिचंच जास्त पटतं. पण त्याचं खोटं नाही, एवढं मात्र नक्की. लहानपणी ज्या सीटवर बसून त्याने ऐकलं, त्याच सीटवरून तो गातोय.

आणि त्याने एक गोष्ट केली नाही, ज्याचं अमेरिकेत फार अप्रूप झालं. गाण्यातली ती सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची मुलगी त्याने मुलगीच ठेवली. दाढीवाला गडी 'मी गल्ल्यावरची पोरगी' म्हणतो आणि पुढे जातो. पेपरांनी याचं रकाने भरभरून कौतुक केलं. आपल्याकडच्या श्रोत्याला यात काय एवढं, असंच वाटेल. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या आपण सातशे वर्षं ऐकतोय. सांगलीच्या शेजारी मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब 'पिया बिन नाही आवत चैन' गात होते, तेव्हा पिया कुणाचा, अशी शंका एकाही श्रोत्याला आली नसेल. सासू-नणंदेच्या तक्रारी तर ख्यालाच्या बंदिशींत पुरुषांनीच जास्त केल्यात. पण कंट्री रेडिओवर गेली काही वर्षं पुरुषांचे ट्रक, पुरुषांचे कुत्रे आणि पुरुषांचे प्रेमभंग एवढंच चाललेलं असताना, तिथे एका गरीब बाईचं म्हणणं तिच्याच तोंडचं राहिलं, हे कमी नाही, एवढं मान्य करायला हवं.

मार्च २०२३मध्ये त्याचा 'गेटिन ओल्ड' हा अल्बम आला, त्यात हे गाणं. कंपनीने पुढे केलेली गाणी वेगळीच होती, लोकांनी हे उचललं. बघता बघता ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, म्हणजे मूळ गाण्यापेक्षा चार पायऱ्या वर. जुलैमध्ये कंट्री रेडिओच्या यादीत पहिलं. आणि एका कृष्णवर्णीय बाईने एकटीने लिहिलेलं गाणं त्या यादीच्या माथ्यावर जाण्याची ती पहिलीच वेळ ठरली. नोव्हेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार चॅपमनला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. ती सोहळ्याला गेली नाही. चार ओळींचा निरोप पाठवला, आभाराचा.

इथेच लोकांना टोचलं, आणि टोचायला हवंच होतं. गाणं ३५ वर्षं तिथेच होतं. शब्द तेच, चाल तीच, गिटारची धूनसुद्धा तीच. गोष्ट तर अशी की कंट्रीवाल्यांना आपलीच वाटावी: गरिबी, दारू, गाडी, छोट्या गावातून सुटका. फक्त गळा बदलला आणि दार उघडलं. लिंडा मार्टेल नावाची कृष्णवर्णीय गायिका १९६९ साली कंट्रीच्या यादीत २२व्या क्रमांकापर्यंत गेली होती, आणि एकटीने गाणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही कृष्णवर्णीय बाईला तिच्या पुढे जायला कित्येक दशकं लागली. कंट्री संगीतात बँजो नावाचं जे तंतुवाद्य वाजतं त्याची मुळं आफ्रिकेत आहेत, हे तर आता शाळकरी पुस्तकांतही असतं. यात कोम्ब्सचा दोष काढणाऱ्यांचं मला पटत नाही. त्याने लहानपणीचं आवडतं गाणं म्हटलं, गीतकाराचं नाव कुठेही दडवलं नाही. दोष असला तर तो कुणाचा आवाज ऐकायचा हे ठरवून बसलेल्या रेडिओचा आहे, आणि रेडिओ म्हणजे काही आभाळातून पडत नाही. त्याच्यामागे खुर्च्यांवर माणसं बसलेली असतात.

पैशांचा भाग मात्र चक्क सुखद आहे. अमेरिकेत १९०९च्या कायद्यापासून सोय अशी, की एकदा गाणं बाजारात आलं की ते कुणीही पुन्हा गाऊन त्याची रेकॉर्ड काढू शकतो. परवानगी लागत नाही, गीतकाराला ठरलेला दर मोजावा लागतो. आपल्याकडेही २०१२च्या दुरुस्तीनंतर तशी तरतूद आहे, पण पाच वर्षं थांबून. त्याआधीचा आपला 'व्हर्जन' कॅसेटचा, म्हणजे गाजलेली गाणी दुसऱ्याच गळ्यातून विकण्याचा, जमाना चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. मूळ गायकाचा फोटो केवढा आणि गाणाऱ्याचं नाव किती बारीक, ते कॅसेट विकत घेऊन घरी आणल्यावर दिसायचं. तर अमेरिकेत आणखी एक विचित्र नियम असा, की साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे फक्त ते लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाही. जगात बहुतेक ठिकाणी दोघांना मिळतात. गायक या नियमावर वर्षानुवर्षं चडफडतात. पण २०२३च्या त्या उन्हाळ्यात याचा अर्थ असा झाला, की टेनेसी-टेक्सासच्या रस्त्यांवर कोम्ब्सचं 'फास्ट कार' जितक्या वेळा वाजलं तितक्या वेळा रेडिओचे पैसे चॅपमनकडे गेले. गाडी त्याने चालवली, भाडं तिला मिळालं.

तिला हे सगळं चांगलं कळतं, असं तिची कारकीर्द बघून वाटतं. आपल्या गाण्याचे तुकडे काढून दुसऱ्या गाण्यात बसवायला ती सहसा देत नाही. रॅपर निकी मिनाजने तिचं 'बेबी कॅन आय होल्ड यू' परवानगीशिवाय वापरलं, तेव्हा तिने दावा लावला आणि २०२१ साली साडेचार लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे मोडतोड चालणार नाही, पण पूर्ण गाणं जसंच्या तसं घेऊन जाणार असाल तर खुशाल जा. कोम्ब्सबद्दल तिने काढलेलं निवेदन अगदी छोटं आहे: कंट्रीच्या यादीत आपण दिसू असं कधी वाटलं नव्हतं, पण मान वाटतो, त्याच्या यशाचा आनंद आहे. बस. २००८नंतर तिने नवा अल्बम काढलेला नाही, २००९नंतर दौरा केलेला नाही. गाणं हिंडतंय, ती घरी आहे.

मग एकदा बाहेर आली. ४ फेब्रुवारी २०२४, लॉस एंजेलिस, ग्रॅमी या संगीत पुरस्कारांचा सोहळा. कॅमेरा आधी फक्त बोटांवर जातो, ती धून सुरू होते, आणि मग चेहरा दिसतो तेव्हा सभागृह जे उठतं! काळा शर्ट, जीन्स, पिकलेल्या बटा. ती हसते, अगदी मनापासून, आपल्याला अजून जमतंय याचं थोडं नवल वाटल्यासारखी. कोम्ब्स शेजारी उभा आहे आणि तिची ओळ चालू असताना तोही ओठांनी तीच ओळ म्हणतोय, आवाज न काढता. त्याच्या हातात गिटार नाही. सगळ्या दुनियेला आवडलेला गायक तिथे पुन्हा ट्रकच्या सीटवरचं पोर झालेला दिसतो. शेवटी तो तिच्यासमोर वाकून नमस्कार करतो. त्या संध्याकाळी पुरस्कार त्याला मिळाला नाही, तो दुसऱ्याच गायकाला गेला. पण दुसऱ्या दिवशी लोक विकत घेत होते ते चॅपमनचं १९८८चं मूळ गाणं. आयट्यून्सवर ते पहिल्या क्रमांकावर होतं.

माझी भाची ओहायोतच असते, कोलंबसला, क्लीव्हलँडपासून दोन तासांवर. तिच्याकडे गेले होते तेव्हा गाडीत तिने 'फास्ट कार' लावलं, कोम्ब्सचं. मी म्हटलं, अगं हे आमचं होस्टेलचं गाणं. ती म्हणाली, "काहीतरीच काय मावशी, हे गेल्या वर्षीचं आहे." मग मी तिला मूळ ऐकवलं. ती पूर्ण पाच मिनिटं गप्प होती, हे तिच्या बाबतीत विशेष. गाणं संपल्यावर तिने विचारलं, "पण मग ती का नाही गेली? पोरांना घेऊन तीच गेली असती ना गाडीतून." मी तिला त्या आईचं सांगायला लागले, बापाचं करायला शाळा सोडलेल्या मुलीचं सांगायला लागले. तिला ते पटलं नाही. "भाड्याची जागा तिच्या पगारावर, बिलं ती भरते. ती कशाला जाईल? घर तिचं आहे. गाडीच तेवढी त्याची होती." माझ्या त्या सगळ्या विवेचनापेक्षा हे सरळ होतं. मी गप्प बसले.

एप्रिल २०२५मध्ये चॅपमनचा तो पहिला अल्बम पुन्हा रेकॉर्डवर आला, काळ्या तबकडीवर. त्या निमित्ताने दिलेल्या मुलाखतीत तिने सांगितलं, की आपण स्ट्रीमिंगवर संगीत ऐकत नाही, विकतच घेतो, कारण गाणाऱ्याला पैसे मिळतात ते तसे. भाचीने ते वाचून लगेच रेकॉर्ड मागवली. तिच्याकडे प्लेअर नाही. तो पुढच्या पगाराला घेणार आहे म्हणाली, आणि स्पीकर कुठले चांगले, ते मला विचारत होती. मी तिला मडगावच्या मैत्रिणीचा नंबर दिला.